लिव्हरपूलचा ‘ऊमरा’: वऱ्हाडच्या कापसाचा आणि व्यापारातील विश्वासाचा इतिहास

१) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या कापूस बाजारात ‘ऊमरा’ नावाचा एक भाव नोंदला जाई. हे नाव म्हणजे इंग्रजांच्या तोंडी झिजलेली ‘उमरावती’, आपली अमरावती. तो भाव ठरवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वऱ्हाड कधी पाहिलेही नव्हते. वऱ्हाडातील शेतकऱ्याचे वर्ष मात्र त्या भावावर अवलंबून राहू लागले होते.

२) १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. साऱ्या नजरा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळल्या. १८६७ मध्ये भुसावळहून वऱ्हाड ओलांडून रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग खुला झाला.

३) रेल्वेने अंतर मिटवले, पण व्यवहाराच्या दोन रीती एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. लिव्हरपूलमध्ये सौदा होई तो नमुन्यावर आणि कागदावर. ‘फेअर’, ‘गुड फेअर’ अशा कापसाच्या प्रती ठरलेल्या असत. वाद झाला तर १८४१ पासून चालत आलेल्या दलालांच्या संघटनेचे नियम आणि लवाद होते. माणूस अनोळखी असला तरी चाले. नियम ओळखीचा असावा लागे.

४) वऱ्हाडात नेमके उलट होते. गाडी घेऊन आलेला शेतकरी आपल्या अडत्याच्या दारी बैल सोडी. पेरणीला उचल देणारा, लग्नकार्यात व अडीनडीला उभा राहणारा आणि माल विकून देणाराही तोच. येथे माणूस ओळखीचा असला की झाले. नियम नसला तरी चाले. अनेकदा हे नाते बापाकडून मुलाकडे वारशाने येई. त्याबरोबर कर्जही येई.

५) भाव ठरवण्याची रीतही निराळी होती. देशातील अनेक बाजारांप्रमाणे रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून मुक्याने सौदा करण्याची ‘हत्ता’ पद्धत प्रचलित होती. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला भाव कळू नये, हा व्यापाऱ्याचा हेतू. पण ज्याचा माल, तो शेतकरीही शेजारीच बसलेला असे आणि त्यालाही तो कळत नसे.

६) युद्धाच्या काळात भाव चढले तशी भेसळीची ओरड वाढली. रुईत सरकी, माती, पाणी सापडू लागले. १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध दंडाचा कायदा केला. इंग्रज अधिकाऱ्यांना हा नीतीचा प्रश्न वाटला: येथील माणसेच लबाड, असा सोपा निष्कर्ष निघाला.

७) कारण खरे तर हिशेबात होते. वऱ्हाड, खानदेश आणि आसपासचा बराचसा कापूस ‘ऊमरा’ या एकाच नावाखाली विकला जाई. एखाद्याने स्वच्छ कापूस वेचून आणला तरी वाटेत तो इतरांच्या कापसात मिसळे, आणि भाव मिळे सरासरीचाच. स्वच्छतेची किंमत मिळत नसेल, तर ती राखायची कोणी आणि कशासाठी?

८) मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांना युरोपीय खरेदीदार थेट कापसाच्या मुलखात आणायचे होते. मधले हात कमी होतील, असा त्यांचा कयास होता. खरेदीदार आलेही. १८५१ मध्ये स्वित्झर्लंडच्या विंटरथूर आणि मुंबई येथे एकाच वेळी स्थापन झालेली फोल्कार्ट ब्रदर्स खामगावात पोहोचली. मूळ ग्रीक घराण्याची रॅली ब्रदर्सही या व्यापारात मोठी झाली.

९) मधले हात मात्र गेले नाहीत. कोणाची पत किती, कोणता व्यापारी शब्द पाळतो, हे विंटरथूरला कसे कळणार? म्हणून फोल्कार्टने भारतीय हमीदार दलाल नेमले. समोरचा व्यापारी बुडाला तर नुकसानीची जबाबदारी त्या दलालावर. चीनच्या बंदरांत ‘कॉम्प्रेडोर’ हेच काम करीत. परक्या मुलखात कागदाला ओळखीच्या माणसाचा टेकू लागतो, हे या पेढ्या लवकर शिकल्या.

१०) तिसरी रीत जपानची. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि ‘निप्पॉन युसेन कैशा’ यांनी मुंबई ते कोबे जहाजमार्ग सुरू केला. लँकेशायर आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसाला नाके मुरडी. जपानी गिरण्यांनी निरनिराळ्या देशांचे कापूस कौशल्याने मिसळून त्यातूनच चालणारे सूत काढले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जपान भारतीय कापसाचा सर्वांत मोठा ग्राहक झाला होता. एका बाजाराचा दोष दुसऱ्याच्या कारखान्यात कामाचा ठरला.

११) इंग्रजाचा भरवसा नियमावर, अडत्याचा नात्यावर, जपानी गिरणीचा स्वतःच्या कसबावर. या तिन्हींत शेतकऱ्याचा भरवसा कशावर होता? त्याच्या मालातून अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय असे एकामागून एक कापले जाई. गोरक्षणाचे पुण्य बाजाराच्या नावे आणि पैसा त्याचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत कापूस पिकवणाऱ्या या प्रांताने धान्यासाठी वणवण पाहिली.

१२) यावर पहिला उपाय वऱ्हाडातच झाला. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. बाजाराची जागा ठरली, वजने तपासली जाऊ लागली, दलाल व तोलारी यांना परवाने आले. विश्वास आता खाजगी राहिला नाही, तो सार्वजनिक झाला.

१३) तरी एक उणीव राहिली. बाजार समितीत व्यापारी बसत, नगरपालिकेचे प्रतिनिधी बसत. शेतकऱ्याला जागा नव्हती. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने उत्पादकाला समितीत स्थान देण्याचे तत्त्व आणले. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ अशी कारंजापर्यंत मागे जाते.

१४) अमरावतीहून नागपूरकडे निघाले की नांदगाव पेठ लागते. येथील औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने उभे आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १,००० एकरांवरील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणीही झाली. दीडशे वर्षांपूर्वी येथून रुई बाहेर जाई, आता येथेच कापड व्हावे असा बेत आहे. परदेशी खरेदीदार पुन्हा आपापल्या रीती घेऊन येतील. गावाच्या नावातच पेठ आहे. त्या पेठेतला भाव कापूस पिकवणाऱ्याला उघड्यावर कळतो की रुमालाखालीच राहतो, हा १८६० च्या दशकातला प्रश्न तिच्याही पुढे आहे.