जीनमधले काका

माझ्या लग्नाची बोलणी पुण्यात चालली होती. मुलीचे वडील इंजिनिअर. त्यांनी सहज विचारलं, "आपले काका काय करतात?"

"ते जीनमध्ये असतात."

चहाचा कप ओठांशीच थांबला. "दिवसभर?"

"हंगामात रात्रीसुद्धा! दसऱ्याला पूजा करून सुरू करतात, ते थेट होळीपर्यंत," मी अभिमानानं सांगितलं.

आमच्या खामगावात जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, हे पुण्याला कोण सांगणार? लग्न झालं, पण सासरेबुवा पुढे कित्येक वर्षं काकांशी जरा अंतर ठेवूनच बोलत.

मग मी त्या शब्दाच्याच मागे लागलो. एका जीनमध्ये किती बिऱ्हाडं! घोड्यावरचं जीन फारसीतलं. पॅन्टचं जीन इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावाचं. बाटलीतली जीन ज्युनिपरच्या फळांवरून आलेली. आमचं कापसाचं जीन मात्र 'एंजिन'चं डोकं उडवून उरलेलं धड! त्याचं मूळ लॅटिन 'इंगेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. बुद्धीवरून युक्ती, युक्तीवरून यंत्र, आणि जुन्या इंग्रजीत तर चक्क सापळासुद्धा.

अमेरिकेत एलाय व्हिटनेला जिनाचं पेटंट मिळालं १७९४ साली. म्हणून आपल्याकडे बुद्धी उशिरा पोचली असं समजू नका. त्याच्या शेकडो वर्षं आधी इथे दोन लाकडी लाटांची चरकी होती. लाटांच्या टोकांना कोरलेले आटे एकमेकांत अडकत; एक लाट फिरवली की दुसरी आपोआप उलटी फिरे. रुई पलीकडे निघे, सरकी अलीकडेच राही.

पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत खास १३ किलोमीटरचा रेल्वेचा फाटा आला. म्हणजे जिनाच्या दाराशी त्याचा थोरला भाऊ, आगगाडीचं इंजिन, येऊन उभा राहिला! वाफेवरची जिनं धडधडू लागली, घरातली चरकी माळ्यावर गेली आणि तीच कामं करायला बाया रोजानं जिनात जाऊ लागल्या. 'सापळा' हा अर्थ त्यांना शब्दकोश न उघडताच कळला असेल.

आमचे काका जिनात फिटर. शिक्षण चौथी. पण बाहेर ओट्यावर बसून नुसत्या आवाजावरून सांगत, "तिसऱ्या मशिनचा रोलर घासला."

सासरेबुवा एकदा खामगावी आले असताना मी हे सगळं संशोधन काकांपुढे मांडलं. म्हटलं, "काका, इंजिनिअर हा शब्दही त्याच मुळातला. जीनवाला आणि इंजिनिअर, दोघं एकाच घरातले!"

काकांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "म्हंजे आमी भाऊ-भाऊच. मंग वाटणी अशी काऊन झाली?"

सासरेबुवा काही बोलले नाहीत. फक्त त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि काकांच्या अगदी शेजारी आणून ठेवली.