पेव्हर ब्लॉक आणि वाफ्यांची कड लोखंडी मेखांनी पक्की कशी करावी? (मुंबई शहर भागासाठी)

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या भागातील सोसायट्या, शाळा किंवा चाळींच्या आवारातील बागांची कामे तुम्ही घेत असाल, तर एक तक्रार नक्की ऐकली असेल. उन्हाळ्यात बसवलेली पायवाट गणपतीपर्यंत कडेने फाकते, ब्लॉक डगमगतात आणि त्यांच्या फटीत वयस्कर माणसाचा पाय अडकतो. दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा बाग सांभाळणाऱ्याच्या माथी येतो. अशा वेळी मेखा कमी पडल्या असे समजून आणखी मेखा ठोकल्या जातात. मात्र मेख कोणत्या थरात रुतली आहे, यावर कडेचा टिकाव ठरतो. सैल मातीत कितीही मेखा ठोकल्या तरी त्या पावसाळ्यात ढिल्या होतात.

कड का सरकते?

पेव्हर ब्लॉकखाली साधारण 25 ते 40 मिमी जाडीचा वाळूचा किंवा कचीचा थर असतो. ब्लॉकवर भार आला की ते बाजूला सरकू पाहतात. त्यांना चारही बाजूंनी आवळून धरण्याचे काम कडपट्टी करते. कडपट्टी एक सेंटीमीटर हलली तरी सांधे उघडतात. त्यातून पाणी शिरते, खालची वाळू वाहून जाते आणि ब्लॉक खचतो.

कुलाबा वेधशाळेच्या सरासरीनुसार जून ते सप्टेंबर या काळात मुंबई शहरात 2,000 मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो. हिंदमातासारख्या सखल भागात पाणी साचून पुन्हा ओसरते. ओसरणारे पाणी बारीक माती आणि वाळू सोबत नेते, म्हणून कडेचे नुकसान तेथे जास्त होते.

आधी जमीन ओळखा

मुंबई शहर मूळच्या सात बेटांमधील खाड्या भरून तयार झाले आहे. बेटांच्या भागात खाली काळा पाषाण आणि मुरूम, तर मधल्या भागात भराव आढळतो. एकाच आवारात दहा मीटरवर जमीन बदलू शकते. त्यामुळे वाटेच्या लांबीत तीन ठिकाणी हाताने, जपून 40 ते 45 सेंमी खोल खड्डा घेऊन पाहावे.

- दाबलेला मुरूम किंवा खडी: 10 मिमी जाड, 25 सेंमी लांब मेख पुरते.
- वाळूमिश्रित भराव (चौपाटीजवळचा भाग): मेख 30 ते 45 सेंमी लांब घ्यावी. एकाआड एक मेख थोडी तिरपी ठोकावी, म्हणजे ती सहज उपटत नाही.
- डबर, विटांचे तुकडे: जुन्या इमारतींच्या जागी असा भराव मिळतो. मेख वाकते किंवा कड उचलते. आधी पहारीने किंवा ड्रिलने मेखेपेक्षा किंचित बारीक भोक पाडावे.
- चिकण किंवा काळी माती: ओलीत फुगते, उन्हात भेगाळते आणि मेखेला वर ढकलते. ही माती कडेखालून काढून त्या जागी मुरूम-खडीचा थर द्यावा. देशावरील शेतघर किंवा कृषी पर्यटन केंद्रात हीच अडचण येते.

मेख आणि कडपट्टीची निवड

बाजारात एल आकाराची प्लास्टिक व ॲल्युमिनियमची कडपट्टी भोकांसह मिळते. लोखंडी पट्टी वापरल्यास फॅब्रिकेटरकडून भोके पाडून घ्यावीत. मेखा तयार मिळाल्या नाहीत तर 10 मिमी सळईचे तुकडे करून एका टोकाला धार काढावी आणि दुसऱ्या टोकाला वायसर वेल्ड करावा. टोपी नसलेली मेख पट्टीला दाबून धरत नाही.

समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. जस्ताचा गरम मुलामा दिलेल्या मेखा घ्याव्यात. सळई कापून केलेल्या मेखांना कापल्यानंतर मुलामा द्यावा, नाहीतर टोकापासून गंज चढतो. स्टेनलेस स्टील घ्यायचे असल्यास समुद्राजवळ 304 पेक्षा 316 प्रत जास्त टिकते.

किती मेखा लागतील?

- पेव्हर वाटेची सरळ कड: दर 30 सेंमीवर एक.
- वळण: दर 15 ते 20 सेंमीवर एक.
- पट्टीचा सांधा: सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक.
- फक्त हिरवळ आणि वाफा वेगळा करणारी पट्टी: दर 60 सेंमीवर एक.

उदाहरणार्थ, 20 मीटर लांब वाटेच्या दोन्ही कडा मिळून 40 मीटर होतात. 30 सेंमी अंतराने सुमारे 135 मेखा लागतात. वळणे व सांधे धरून 150 घ्याव्यात. 12 मीटरच्या एका सळईतून 30 सेंमीचे 40 तुकडे निघतात, म्हणजे चार सळया पुरतात. 10 मिमी सळईचे वजन मीटरला 617 ग्रॅम असते, त्यामुळे चार सळया साधारण 30 किलो भरतात. अंदाजपत्रकात कापणी, वायसर आणि मुलाम्याचा खर्च वेगळा दाखवावा.

ठोकण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे ते तपासा

शहर भागात कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्टचा वीजपुरवठा जमिनीखालच्या केबलमधून होतो. शिवाय गॅसच्या, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या असतात. लोखंडी मेख हातात धरून ठोकणाऱ्याच्या जिवाशी येथे गाठ असते.

- सोसायटीकडून केबल व नळ्यांचा नकाशा मागावा. मीटर खोली, गॅसचा व्हॉल्व्ह आणि चेंबर यांच्या जागा पाहून नळीची दिशा ताडावी.
- बागेतल्या दिव्यांची वायर अनेकदा बोटभर खोलीवरच असते आणि ती कोणत्याही नकाशात नसते. काम संपेपर्यंत तिचा पुरवठा मुख्य स्विचवरून बंद ठेवावा.
- खोदताना ओळीने मांडलेल्या विटा, फरशी किंवा इशाऱ्याची रंगीत पट्टी दिसली तर थांबावे. त्याखाली केबल असण्याची शक्यता असते.
- गॅसचा वास आल्यास हत्यारे टाकून सर्वांना दूर न्यावे, कोणतेही बटण दाबू नये आणि दूर गेल्यावर गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.
- पदपथ किंवा रस्ता महापालिकेचा असेल तर परवानगीशिवाय खणू नये.

बसवण्याची पद्धत

1. वाटेची माती काढताना दोन्ही बाजूंना 15 सेंमी जादा रुंदी घ्यावी. हा जादा पट्टाच पुढे मेखांना धरतो.
2. मुरूम-खडीचा 10 ते 15 सेंमी थर द्यावा. एकदम न दाबता पाच-सात सेंमीचे थर करून, हलके पाणी मारून धुमस किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबावा.
3. एक मेख ठोकून पाहावी. दोन-तीन फटक्यांत ती बुडाली किंवा हाताने गोल फिरली, तर थर पुन्हा दाबावा.
4. दोरी लावून उतार काढावा. दर मीटरला दोन सेंमी उतार पाणी वाहण्यास पुरेसा आहे.
5. कडपट्टी दाबलेल्या खडीवर टेकवावी, वाळूवर ठेवू नये. नंतर वाळू पसरून ब्लॉक मांडावेत आणि पट्टी ब्लॉकला घट्ट भिडवून मेखा ठोकाव्यात.
6. दीड किलोचा हातोडा वापरावा. डोळ्यांना चष्मा आणि पायात बूट हवेतच. मेखेची टोपी पट्टीत पूर्ण बसली पाहिजे, वर राहिलेले टोक मुलांच्या पायाला लागते.
7. सांध्यात कोरडी बारीक वाळू भरून ब्लॉक दाबावेत आणि वाळू पुन्हा भरावी.
8. बाहेरच्या बाजूने माती चढवावी. ती ब्लॉकच्या पातळीपेक्षा दोन-तीन सेंमी खाली ठेवावी, म्हणजे वाफ्यातील गाळ वाटेवर येत नाही.

झाडांजवळ

दादर-माटुंग्याच्या जुन्या रस्त्यांवर आणि आवारांत मोठे पर्जन्यवृक्ष आहेत. त्यांच्या बुंध्याला भिडवून कड बांधू नये. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. तेवढे अंतर मुंबईतही किमान समजावे. मेखेच्या जागी अंगठ्याएवढे जाड मूळ आढळले तर मूळ न तोडता मेख सरकवावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार झाडाला इजा पोहोचवणे हेही झाड तोडण्यात मोडते.

मेखा कुठे पुरणार नाहीत?

गाड्या जाणारी वाट, तीव्र उतार किंवा दोन्ही बाजूंच्या पातळीत मोठा फरक असेल तर मेखांवर विसंबू नये. तेथे काँक्रीटचा कर्बस्टोन पाठीमागून काँक्रीटचा आधार देऊन बसवावा. हे गिऱ्हाइकाला काम घेतानाच स्पष्ट सांगावे.

देखभाल

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. काम मेच्या मध्यापर्यंत संपवावे, म्हणजे एक-दोन वळीव सरींत खचलेली जागा दिसते आणि सुधारता येते. जुलैच्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि अनंत चतुर्दशीनंतर एकदा पाहणी करावी. मंडपाच्या खांबांमुळे व गर्दीमुळे लालबाग-परळ भागातील कडा याच काळात हलतात.

पाहणीत टाचेने कड दाबून बघावी. पट्टी हलत असेल तर तेथील ब्लॉक उचलून खालचा थर तपासावा, तो पुन्हा दाबून मगच मेख ठोकावी. जुन्या भोकात तीच मेख परत बसवल्यास ती धरत नाही. तिची जागा पाच-सात सेंमी बदलावी. पावसाने सांध्यांतून वाहून गेलेली वाळू ऑक्टोबरच्या उन्हात भरून घ्यावी.