फिशिंग रील घरच्या घरी सर्व्हिस कशी करायची? खाडीत गरवणाऱ्यांसाठी सोपी माहिती

मी न्हावा शेवाच्या खाडीकाठी वाढलो. इथे १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूही झाला, पण आमचं वेड तेच: उधाणाची भरती आली की गरवायला जायचं आणि जिताड्याची वाट बघायची. लहानपणी वडिलांसोबत नुसत्या दोरीने गरवायचो. पहिली रील घेतली ती मात्र एकाच पावसाळ्यात गंजून जाम झाली. तेव्हापासून माझ्या रील्स मी स्वतःच उघडतो.

रील चालते कशी?

आपण बहुतेक जण स्पिनिंग रील वापरतो. या पद्धतीच्या रीलचं पेटंट इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये घेतलं. हँडल फिरवलं की मुख्य गिअर छोट्या पिनियन गिअरला फिरवतो, पिनियन रोटरला फिरवतो आणि रोटरवरची तारेची कडी (बेल) दोर स्पूलवर गुंडाळते. रीलवर ५.२:१ लिहिलं असेल, तर हँडलच्या एका फेरीत रोटर ५.२ वेळा फिरतो. ड्रॅग म्हणजे ब्रेक. माशाने जोरात ओढ घेतली की स्पूल घसरतो, म्हणून दोर तुटत नाही.

रील खराब का होते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, मीठ आतच राहतं आणि हवेतला ओलावा ओढत बसतं. त्यात ॲल्युमिनियमच्या बॉडीला स्टीलचे स्क्रू टेकलेले असतील, तर खाऱ्या पाण्यामुळे दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया होते आणि ॲल्युमिनियम झिजतं.

घरी आल्यावर लगेच काय करायचं?

१. ड्रॅग घट्ट करा, म्हणजे आत पाणी जाणार नाही.
२. नळाच्या हलक्या धारेखाली रील धुवा. बादलीत बुडवू नका, प्रेशरने पाणी मारू नका.
३. पुसून सावलीत वाळवा. मग ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून राहतात.

पूर्ण सर्व्हिस (वर्षातून एकदा तरी)

१. कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलची पार्ट्सची आकृती मिळते का ते बघा.
२. प्रत्येक पार्ट काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. पार्ट अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा.
३. रोटरच्या नटाला काही रील्समध्ये उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी आकृती बघा.
४. बेलची स्प्रिंग उडते, म्हणून ते काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा.
५. कागदासारखे पातळ वॉशर (शिम) कुठल्या बाजूला किती होते ते लिहून ठेवा. एक जरी हरवला तरी रील खरखर करते.
६. धातूच्या गिअरवरचं जुनं ग्रीस रॉकेलने काढा, पूर्ण वाळवा आणि नवीन ग्रीसचा पातळ थर लावा.
७. लाइन रोलर, हँडलची मूठ आणि साधं बेअरिंग यांना एकेक थेंब तेल पुरे.
८. ड्रॅग वॉशरला साधं तेल लावायचं नाही, फक्त ड्रॅग ग्रीस.

माझी चूक, तुम्ही करू नका

हँडल उलटं फिरू नये म्हणून आत अँटी-रिव्हर्स बेअरिंग असतं. त्यातले छोटे रोलर एका दिशेला अडकतात. पहिल्या सर्व्हिसला मी त्यात जाडं ग्रीस भरलं. पुढच्या उधाणाला मोठा मासा लागला, मी ओढ दिली आणि हँडल उलटं गरगर फिरलं. दोर सैल पडला, मासा गेला. वडील एवढंच म्हणाले, "जिताडा होता." ग्रीसमुळे रोलर पकडत नाहीत. हे बेअरिंग स्वच्छ ठेवा, फार तर पातळ तेलाचा अगदी हलका हात द्या.

नेहमीचे प्रश्न

*गंज काढायचा स्प्रे चालेल का?*
ओलावा हटवायला ठीक, पण तो ग्रीस विरघळवतो. ग्रीसच्या जागी वापरू नका.

*कुठेही गरवायला बसू शकतो का?*
नाही. बंदराची हद्द सुरक्षा क्षेत्र आहे, तिथे जाऊ नका. चिखलात उतरण्याआधी भरतीची वेळ बघा.

*सर्व्हिस कधी करायची?*
जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. मीही तेव्हाच वर्तमानपत्र पसरून रील उघडतो. पहिल्यांदा अख्खी दुपार जाईल, नंतर तासाभरात होतं.