सेंट व्हिन्सेंट द पॉल सेवासंघाचा आरंभ

या कॅथलिक सेवासंघाच्या स्थापनेचें श्रेय बहुधा एकट्या फ्रेदेरिक ओझानाम यांस देण्यांत येतें. आमच्या मतें तें अपुरें होय. दि. २३ एप्रिल १८३३ रोजीं पॅरिस येथें पहिली बैठक भरली. जमलेल्या तरुण विद्यार्थ्यांपैकीं ओझानाम हे एक. त्याच दिवशीं त्यांस वीस वर्षें पूर्ण झालीं. अध्यक्षस्थानीं मात्र वयानें वडील असे वृत्तपत्रकार एमॅन्युएल बायी होते. १८३२ च्या पटकीनें शहरांतील गरिबांची दैना झाली होती. मूफ्तार भागांतील गरजू कुटुंबें या तरुणांस दाखवून दिलीं, आणि आरंभीं वांटण्यास पावाच्या चिठ्ठ्याही पुरविल्या, त्या सिस्टर रोजाली रांद्यू यांनीं. केवळ द्रव्य देऊन मोकळें न होतां गरिबाच्या घरीं स्वतः जावें, ही संघाची रीत त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं रुळली. सबब स्थापनेच्या वृत्तांतांत या बाईंचें नांव ओझानाम यांच्या बरोबरीनें नोंदणें न्याय्य होय.