मुंबईची मर्ल

2023 साली मिशेल यो यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा आशियाई नायिकेचा मान म्हणून बराच गाजावाजा झाला. जाणकारांनी त्याच वेळी आठवण करून दिली, की या पारितोषिकासाठी नामांकन मिळालेली पहिली आशियाई अभिनेत्री 1935 च्या 'द डार्क एंजल'मधली मर्ल ओबेरॉन होती. तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि कळू नये यासाठी तिने आयुष्यभर जिवाचे रान केले. ती जन्मली आपल्या मुंबईत आणि वाढली आमच्या या कोलकात्यात, म्हणून स्मरणिकेत तिच्यावर लिहायचे मनात आले.

जन्म 19 फेब्रुवारी 1911. जिला ती आई म्हणे ती शार्लट, सिलोनकडची, सावळी. कोलकात्यात ला मार्टिनियर शाळेत मर्लला शिष्यवृत्ती मिळाली, पण अँग्लो-इंडियन म्हणून मुलींनी इतके छळले की शाळा सुटलीच. पुढे हौशी नाटके, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, आणि विशीच्या आत युरोपची बोट.

लंडनमध्ये निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी तिला हेरले. 1933 साली आठव्या हेन्रीवरच्या चित्रपटात ती अ‍ॅन बोलीन झाली. भूमिका मिनिटांची, पण तेवढ्यात नाव झाले. मग तिच्यासाठी एक जन्मगावही ठरले : टास्मानियातले हॉबार्ट. लांब, इंग्रजांचे आणि चौकशीला अवघड! शार्लट लंडनच्या घरात सोबत असे. पाहुण्यांना ती मोलकरीण वाटे, आणि तसे वाटू दिले जाई.

वाचकहो, हे वाचून मलाही प्रथम राग आला. पण काळ पाहावा लागतो. 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला अमेरिकेत वसायला बंदी होती, ती 1946 साली उठली. हॉलिवूडच्या हेज संहितेने गोऱ्या-काळ्यांचे प्रेम पडद्यावर दाखवायला मनाई केलेली. खरे बोलली असती तर नायिकेच्या भूमिका तिला कोण देणार होते? इथे नवा आलो होतो तेव्हा ट्राममध्ये बायकोशी मराठीत बोलताना माझाही आवाज आपोआप खाली जायचा. माझे काहीही पणाला लागलेले नसताना!

1939 चा 'वुदरिंग हाइट्स' मी फिल्म सोसायटीत पाहिला. नेलीशी बोलता बोलता कॅथीला आपले मन खरे कुठे आहे ते उमगते आणि बाहेर वीज चमकते, त्या क्षणी मर्लचा चेहरा पाहावा. समीक्षक तिला थोडी थंड म्हणत, मला ते पटत नाही. सगळे आत दाबून धरलेली बाई तिने किती खरी उभी केली आहे! नायक लॉरेन्स ऑलिव्हिए यांना या भूमिकेत व्हिव्हियन ली हवी होती. गंमत पाहा, व्हिव्हियनचा जन्म दार्जिलिंगचा, 1913 चा. पण साहेबाची मुलगी म्हणून तिला तो लपवावा लागला नाही.

1937 मध्ये मोटार अपघातात मर्लच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे तिचे पती झालेले छायालेखक ल्युसियन बॅलर्ड यांनी ते पुसून टाकणारा, कॅमेऱ्याला जोडायचा एक दिवा बनवला. चित्रीकरणाच्या धंद्यात त्याला तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणतात. तिचा वर्णही त्या दिव्यात अधिकच उजळ दिसत असणार.

1978 साली हॉबार्टने आपल्या 'कन्ये'चा नागरी सत्कार ठेवला. तिथे ती अस्वस्थ झाली आणि उरलेला बराच मुक्काम तिने हॉटेलच्या खोलीत काढला. पुढच्याच वर्षी, 23 नोव्हेंबर 1979 रोजी, कॅलिफोर्नियात ती गेली. मुंबईतला जन्मदाखला बाहेर आल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. शार्लट तिची आजी होती. खरी आई शार्लटचीच मुलगी कॉन्स्टन्स, मर्लच्या जन्मावेळी ती स्वतःच कोवळी पोर होती. कॉन्स्टन्सचा मुलगा मर्लला भेटायला अमेरिकेत गेला होता, पण तिने भेट दिली नाही.

शार्लट 1937 साली वारली. बारा वर्षांनी मर्लने एका जुन्या फोटोवरून तिचे तैलचित्र काढून घेतले आणि ते घरात लावले. चित्रकाराला सांगून त्यात शार्लटचा रंग गोरा करून घेतला होता.