पानाची साक्ष : धुरके, मद्यार्क आणि पिके

दूषित हवेचा पिकांवर होणारा परिणाम युरोपात एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासला जात होता. त्या काळचा मुख्य आरोपी म्हणजे दगडी कोळशाच्या धुरातील गंधक-डायॉक्साइड. त्यामुळे पानाच्या शिरांमधील भाग पांढुरका पडे. १९४४ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या परिसरातील भाजीपाल्यावर मात्र निराळीच लक्षणे दिसू लागली. पालक, लेट्यूस, बीट यांच्या पानांची पोटाकडील बाजू रुपेरी किंवा काशाच्या रंगाची होई. हवेतील विष नवे आहे, अशी पहिली साक्ष या पानांनी दिली.

डच रसायनज्ञ हागेन-स्मिट यांनी पेट्रोलच्या वाफेवर ओझोनची क्रिया घडवून तशीच इजा प्रयोगशाळेत निर्माण केली. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन धुरके बनते, असे त्यांनी १९५२ साली प्रतिपादिले. १९५६ मध्ये स्टीफन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त किरणांच्या साहाय्याने टिपलेले एक अनोळखी द्रव्य प्रथम ‘संयुग क्ष’ एवढ्याच नावाने ओळखले जाई. तेच पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट होय. पर्णरंध्रांवाटे आत शिरून ते त्यांलगतच्या पेशी मारते; म्हणूनच इजा पानाच्या पोटाकडे दिसते.

येथवरचा इतिहास पेट्रोलचा झाला. तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ साली उसाच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि १९७९ पासून निव्वळ मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारी तेथे विकल्या जाऊ लागल्या. हवेतील शिशाचा उपद्रव त्यामुळे घटला, हे खरे. परंतु मद्यार्काच्या अपूर्ण ज्वलनातून ॲसिटाल्डिहाइड बाहेर पडते, आणि उपर्युक्त नायट्रेट सूर्यप्रकाशात त्याच्यापासूनच तयार होते. रिओ दे जानेरो येथील हवेच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा संबंध उघड केला. पुढे मोटारींना उत्प्रेरक यंत्रणा जोडल्याने हे उत्सर्जन कमी करता आले. पण आधी इंधन व मागाहून उपाय, हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे.

२०२५ साली भारताने पेट्रोलमध्ये २० टक्के मद्यार्क मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. त्या मद्यार्काच्या उत्पादनात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. एका पिकापासून निघालेले इंधन दुसऱ्या पिकाला बाधक ठरू नये, असे वाटत असेल, तर नव्या इंधनाची परीक्षा केवळ धुराच्या काळेपणावरून घेऊन भागणार नाही. ती शहराकाठच्या पालकाच्या वाफ्यातही घेतली पाहिजे.