सातबाऱ्यावर नसलेली बाग: परसाचा इतिहास शोधायचा कुठे?

संशोधनाचा विषय ठरवताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "यावर आधी कुणी काही लिहिलंय का?" प्रश्न बरोबरच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न लागतो: "ज्यांनी लिहिलं, त्यांनी ते कशासाठी लिहिलं?" हा दुसरा प्रश्न विचारला नाही तर काय होतं, ते आज एका साध्या विषयावरून पाहू. विषय आहे परस, म्हणजे घरामागची खाण्याच्या झाडांची जागा.

सध्या 'एडिबल लँडस्केप' आणि 'फूड फॉरेस्ट' हे शब्द सगळीकडे ऐकू येतात. त्यांचा छापील इतिहास फार जुना नाही. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांचं पर्माकल्चरवरचं पहिलं पुस्तक १९७८ चं. रोझालिंड क्रीसी यांचं एडिबल लँडस्केपिंगवरचं पुस्तक १९८२ चं. इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमध्ये रॉबर्ट हार्ट यांनी घराजवळच्या छोट्या जागेत सात थरांची बाग उभी केली: उंच झाडं, बुटकी झाडं, झुडपं, पालेभाज्या, जमिनीलगत पसरणारी रोपं, कंद आणि वेल. गंमत म्हणजे हार्ट यांच्या लिखाणात आदर्श म्हणून येतात त्या केरळातल्या घरबागा!

मग आपल्याकडच्या परसाचं काय? समजा, तुम्ही शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक घेतलं आणि ठरवलं की या गावातल्या परसांचा तीनशे वर्षांचा इतिहास लिहायचा. सुरुवात कुठून कराल?

कर नाही, म्हणून कागद नाही

बहुतेक जण आधी महसुली दफ्तराकडे जातील. पुणे जिल्हा त्या बाबतीत श्रीमंत आहे. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची जमीन पाहणी सुरू केली ती याच जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात. मातीची खोली, रंग, पोत बघून जमिनीची आण्यांत प्रतवारी लावली आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला. आजचा सातबारा याच परंपरेतला. सात नंबरच्या नमुन्यात हक्क, बारा नंबरच्या नमुन्यात पिकं.

आता जुना गाव नकाशा उघडा. शेतांचे तुकडे नंबरासकट दिसतात. मधोमध एक आकृती असते, तिच्यावर 'गावठाण' लिहिलेलं असतं आणि आत काहीच नसतं. घरं नाहीत, परसं नाहीत, झाडं नाहीत. कारण गावठाणातल्या घरजागेवर शेतसारा नव्हता. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही गावठाणाच्या हद्दीसाठी वेगळी तरतूद आहे. शेतात ज्वारी किती पिकली हे सरकारला हवं होतं. न्हाणीमागे अळू किती वाढलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

इथे नवा संशोधक सहज फसतो. दफ्तरात परस सापडला नाही, म्हणून तो लिहितो की "या भागात घरबागेची परंपरा दिसत नाही". खरं तर दिसत नाही ती नोंद. नोंद नसणं आणि वस्तू नसणं यांत फरक आहे, आणि तो तुम्हाला पुराव्यानिशी दाखवता आला पाहिजे. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे पटकन कळावं. उपकरण जे मोजायला बनवलंय तेच मोजतं. सातबारा हे सारा मोजायचं उपकरण आहे.

अमात्यांची आज्ञा

मग दुसरीकडे बघू. वढू बुद्रुक म्हटलं की आधी आठवते ती छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली. त्यानंतर स्वराज्य ज्यांनी सावरून धरलं त्यांत रामचंद्रपंत अमात्य होते. शिवकाळापासून राज्यकारभार पाहिलेल्या या माणसाने १७१५-१६ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिलं. राज्य कसं चालवावं याचा तो ग्रंथ आहे. राजनीती आणि आरमार यांसाठी तो वाचला जातो. आपण तो परसासाठी वाचू.

गडांच्या प्रकरणात अमात्य सांगतात की गडावर आहेत ती झाडं जपावीत आणि नवी लावावीत. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडं, फुलझाडं, वेलीसुद्धा. उपयोगी असो वा नसो, जे झाड येईल ते लावावं, कारण वेळ पडली तर निदान लाकूड तरी मिळेल. हार्ट यांचे सगळे थर यात नाहीत, पण उंच झाड, लहान झाड आणि वेल ही उतरंड आहे.

याहून महत्त्वाचं वाक्य स्वच्छतेच्या संदर्भात येतं. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटावर केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली टाकू नये. तो जागोजागी जाळावा, राख परसात टाकावी आणि घरोघरी होतील त्या भाज्या कराव्यात. म्हणजे केराची विल्हेवाट, खत आणि भाजी हे तिन्ही एका आज्ञेत आले. वेढा पडलेल्या गडावर बाहेरून भाजी येत नाही, हे लक्षात घेतलं तर या ओळीचं मोल आणखी वाढतं.

आता थांबा. लगेच "मराठेशाहीत घरोघरी परसबागा होत्या" असं लिहू नका. दोन गोष्टी तपासा. एक, हे गडाबद्दल आहे, वढूसारख्या भीमाकाठच्या गावाबद्दल नाही. दोन, हे 'करावे' आहे, 'केले' नाही. आज्ञेतून सत्तेला काय हवं होतं ते कळतं, लोक काय करत होते ते थेट कळत नाही. मात्र एक अनुमान नक्की काढता येतं. 'परस' हा शब्द अमात्यांना समजावून सांगावा लागलेला नाही. घराला परस असतो आणि परसात भाजी होते, हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरूनच ते लिहितात. लेखक जे गृहीत धरतो तेही साधन असतं, आणि कित्येकदा मुद्दाम सांगितलेल्या गोष्टीपेक्षा भरवशाचं.

आरमाराच्या प्रकरणातला झाडांचा उल्लेख तुम्ही ऐकला असेल. आंबा-फणसाचं लाकूड जहाजांना चालतं, पण त्या झाडांना हात लावू देऊ नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड फार जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. पर्यावरणप्रेमाचा दाखला म्हणून हा उतारा सगळीकडे फिरतो. तुम्ही त्यातला मालकीचा मुद्दा पाहा. जमीन कुणाचीही असो, वाढवलेल्या झाडावर वाढवणाऱ्याचा हक्क आहे हे राज्य मान्य करतंय. इनामपत्रांतही 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण' अशी ठरीव शब्दावली येते, तिच्यात 'तरु' वेगळा मोजलेला आहे. म्हणजे झाड कागदावर येतं ते हक्क म्हणून. भाजी येत नाही, कारण तिच्यावर भांडायला कुणी देशमुखाकडे जात नाही.

इनामगावची माती काय सांगते

कागद संपला की माती. त्यासाठी शिरूर तालुक्याबाहेर जायचीही गरज नाही. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकरी वस्ती, घरांच्या जमिनी, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा आणि पाण्याचा पाट. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून सातू, कडधान्यं, बोर यांची ओळख पटली.

बोर लक्षात ठेवा. आजही पठारावरच्या घराजवळ, बांधावर ते दिसतं.

पण इथेही उपकरणाचाच प्रश्न येतो. जळलेलं बी किंवा आठळी टिकते, पालेभाजी टिकत नाही. अळूच्या पानाचा कोळसा तीन हजार वर्षांनी हाती लागणार नाही. यादीत धान्य जास्त दिसतं याचा अर्थ लोक फक्त धान्यच खात होते असा होत नाही. वनस्पतिशास्त्रवाल्यांनो, ही तुमची जागा आहे. केळीच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, मातीत टिकतात आणि ओळखता येतात. कंदांचे स्टार्चकण दगडी पाट्या-वरवंट्यांवर राहू शकतात. जुन्या घराच्या मागच्या अंगणातली माती या नजरेने तपासणं हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

'पारंपरिक' म्हणजे कधीचं?

परसातली झाडं बघा: शेवगा, कढीलिंब, लिंबू, डाळिंब, पपई, पेरू, सीताफळ, मिरची, अळू, तोंडली, घोसाळी, आणि दारात तुळस. सगळी आपलीच वाटतात. पण यांतली पपई, पेरू, सीताफळ आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भारतात आल्यानंतर ती इकडे पोचली आणि रुजली. डाळिंब इराणकडचं. शेवगा, कढीलिंब भारतीय उपखंडातले. टोमॅटो आपल्या स्वयंपाकात रुळला तो बराच नंतर, इंग्रजी अमलात.

म्हणून प्रबंधात 'पारंपरिक परसबाग' असं मोघम लिहिलं की परीक्षक विचारणारच, "कोणत्या शतकातली?" परस ही गोठलेली गोष्ट नाही. नवं रोप आलं की परसात आधी एक-दोन लावून बघायचं, जगलं तर ठेवायचं. शेतात असा प्रयोग महागात पडतो, परसात पडत नाही.

पठाराचं परस पाण्यावरून ओळखा

घरबागांवरचं बरंचसं शास्त्रीय लिखाण केरळ, श्रीलंका, जावा अशा दमट प्रदेशांतलं आहे. फर्नांडिस आणि नायर यांनी १९८६ मध्ये उष्ण कटिबंधातल्या घरबागांची रचना तपासली, तो लेख अजूनही या विषयाचा पाया मानला जातो. पण ते मोजमाप जसंच्या तसं शिरूर-दौंडला लावू नका. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. इथे दाट सात थर शोधायला गेलात तर हाती निराशा येईल.

इथल्या परसाची मांडणी सांडपाण्यावर ठरते. न्हाणीचं पाणी जिथे उतरतं तिथे अळू, केळ, कर्दळ. भांडी घासायच्या जागेजवळ पुदिना, मिरची. पाणी पोचत नाही तिथे शेवगा, बोर, सीताफळ. वेल कुंपणावर किंवा छपरावर. अशा परसाचा नकाशा काढायचा तर थर मोजण्याआधी पाण्याची वाट काढा.

या विचाराला विसाव्या शतकात गणिती शिस्त दिली ती श्री. अ. दाभोलकर यांनी. कोल्हापूरकडचे हे गणिताचे प्राध्यापक. पानावर पडणारं ऊन, त्यातून तयार होणारं अन्न, लागणारं पाणी याचा हिशेब त्यांनी शेतकऱ्यांसमोर मांडला आणि 'प्रयोग परिवार' उभा केला. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, कुटुंबाचं पोषण कसं भागेल हा त्यांचा प्रश्न होता. परसाकडे प्रयोगशाळा म्हणून बघायला त्यांच्याकडून शिकावं.

घाई कशाची?

चासकमानचा कालवा शिरूर तालुक्यात आला, ऊस वाढला. सणसवाडी, रांजणगावला कारखाने आले. गावठाणातली मातीची घरं जाऊन स्लॅबची घरं उभी राहिली. न्हाणीचं पाणी गटाराला गेलं आणि परसाच्या जागेवर भाड्याच्या खोल्या चढल्या. यात चूक कुणाचीच नाही, सगळ्यांनाच पक्कं घर हवं असतं. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जातात, पण त्या मोजणीचा हेतू मिळकतीची हद्द आणि क्षेत्र ठरवणं हा आहे. म्हणजे गावठाणाचा रिकामा नकाशा भरतोय, आणि परस त्याही उपकरणातून निसटतोय.

दुसरीकडे उमेद अभियानातून गावोगावी पोषण परसबागा लावल्या जातात. चांगलं काम आहे. पण आखणी नवी, बियाण्यांची पिशवीही नवी. त्याच गावातल्या सत्तरीच्या आजींना कोणत्या जागी काय जगतं हे तोंडपाठ असतं, आणि ते कुठल्याच नमुन्यात भरलेलं नाही. ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांतच विचारता येईल.

तर, तुलनेला एक पाया सांगतो. टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या आसपास लोणी गावाचा सविस्तर वृत्तान्त लिहिला. घरं, अवजारं, जनावरं, जेवण, कर्ज, सगळं त्यात आहे. तो १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या खंडात छापला गेला. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक काढलं. ते गाव म्हणजे पुणे–नगर रस्त्यावरचं लोणीकंद, वढूपासून फार लांब नाही. एकाच गावाचे दोन काळांतले अभ्यास इतक्या जवळ मिळणं दुर्मीळ. दोन्ही वाचा आणि प्रत्येक पानावर विचारा, लेखक कुठे उभा राहून बघतोय? ओसरीवरून की परसदारातून?

मग वही घेऊन गावात जा. आधी परवानगी घ्या, कुणाचं नाव लिहू नका, घराला क्रमांक द्या. पाणी कुठून कुठे जातं त्याचा कागदावर नकाशा काढा. प्रत्येक झाडासमोर तीन गोष्टी लिहा: कुणी लावलं, रोप कुठून आणलं, कोण खातं. "रोप कुठून आणलं" याची उत्तरं नीट ऐका. माहेरहून, नणंदेकडून, यात्रेतून, रोपवाटिकेतून. या उत्तरांतून परसाचा प्रवास दिसू लागतो, आणि तो माहेर-सासरच्या वाटांनी झालेला दिसला तर दचकू नका. सारा वसूल करणारे त्या वाटेने कधी गेलेच नव्हते.